टाकीतलं पाणी कुणाचं?

१

"मॅडम, माह्या बाबानं विहिरीत पेट्रोल टाकलं म्हणून राहिले सगळे. बळीरामकाका मेले जी त्याच्यात."

जया दारात उभी राहून हे बोलली तेव्हा मी कूलरमध्ये पाणी ओतत होते. मे महिना, १९८० साल. धरमपेठेत भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि ही पोरगी नंदनवनहून सायकल मारत आली होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीत विद्यार्थी दारात दिसले की माझं डोकं फिरतं, आणि ते मी लपवतही नाही. पण तिचा चेहरा पाहून निमूट बादली खाली ठेवली.

"आत ये. पाणी पी. मग पहिल्यापासून सांग, आणि रडायचं ते सगळं सांगून झाल्यावर."

तिने सांगितलं ते असं. तिचे वडील नत्थू यांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. समोर एक पेट्रोल पंप होता, तो चार वर्षांपूर्वी बंद पडला. पंपाला लागून मार्तंडरावांचं घर आणि त्यांची मोटार बसवलेली विहीर. जयाची बस्ती कित्येक वर्षं त्या विहिरीवर पाणी भरायची. यंदा एप्रिलमध्ये मार्तंडरावांनी विहिरीला काटेरी तार लावली. पाणी आटलं म्हणाले. नत्थू तडक त्यांच्या फाटकाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "आम्हाले पाणी नाही, तर तुमच्याही तोंडी लागू देनार नाही!"

त्यानंतर मार्तंडरावांनी गाळ काढायला बळीरामला बोलावलं. बळीराम बस्तीतलाच, विहिरी साफ करणारा. खाली उतरण्याआधी तो नेहमी दोराला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही. ही सगळ्याच विहीरवाल्यांची रीत आहे, आणि तिने आजवर कितीतरी जीव वाचवलेत. त्या दिवशी कंदील विझला नाही. अख्खी विहीरच पेटली. वाकून पाहणारा बळीराम भाजला आणि तिसऱ्या दिवशी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात वारला.

"भागीरथाकाकूनं, म्हणजे त्यायच्या बायकोनं, पोलिसाले जबानी देली. नत्थूनंच केलं म्हणे. मंग पोलिसाले गॅरेजात पेट्रोलचा अर्धा डबा सापडला."

"गॅरेजात पेट्रोल नाही सापडणार तर काय पेढे सापडणार?" मी म्हटलं. मला अशा तपासाचा भयंकर राग येतो.

"सोमवारी कोर्टात उभं करनार हायेत जी. खुनाचं कलम." जयाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, कोनाले सांगू नका. बाबा रागीट हाये. रागाच्या भरात त्यानं टाकलं तर नसन नं, असं मलेच वाटून राहिलं."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंदनवन गाठलं. तिथे तेव्हा निम्मी घरं आणि निम्मी शेतं होती. माझ्या निरोपावरून फौजदार अनंतराव मार्तंडरावांच्या फाटकाशी वाट पाहत होते. त्यांची धाकटी बहीण माझ्याच वर्गात होती, म्हणून तेवढा मान ठेवला.

"बाई, गुन्हा उघड आहे," ते म्हणाले. "धमकी आहे, पेट्रोल आहे, भांडण आहे. आणखी काय पाहिजे?"

"अक्कल," मी म्हटलं.

मार्तंडराव लगबगीने बाहेर आले. इस्त्रीचा बुशशर्ट, कपाळाला बुक्का, बोलणं साखरेतलं. पंप चालू होता तोवर ते तिथे मॅनेजर होते, आता एका ऑफिसात कारकून. "या ताई, या. उन्हाच्या आल्या. पन्हं आणू? काय सांगू तुम्हाला, दारच्या विहिरीत माणूस जळला. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

त्यांचं दुःख मला खोटं वाटलं नाही. पण पन्ह्याची घाई मात्र जरा जास्तच वाटली. मी नको म्हटलं आणि बाहेर थांबलेल्या जयाला घेऊन विहिरीवर गेले.

आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी बंबवाल्यांनी विहीर उपसली होती. तरी पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग होता आणि वास नाकात घुसत होता. अनंतरावांनी खिशातून सिगारेट काढली.

"ठेवा ती आत!" मी अशी ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले. "तुम्हालाही मेडिकलला जायचंय का?"

बिचाऱ्यांनी पाकीट जयाकडे देऊन टाकलं. मग मी बंबवाल्यांना पुन्हा बोलावलं आणि तो तवंग पार काढून घ्यायला लावला. आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. कुणी विहिरीजवळ गेलं नाही, मी जाऊच दिलं नाही. दुपार कलली तेव्हा पाहिलं तर तवंग परत आलेला.

"वरून ओतलेलं एकदा उपसलं की संपतं," मी अनंतरावांना म्हटलं. "हे संपत नाही. आणि ते दगड बघा."

विहिरीच्या तीन बाजू कोरड्या ठणठणीत होत्या. चौथ्या बाजूच्या दगडांच्या सांधीतून ओल पाझरत होती, पाण्याच्या पातळीच्या वर. ती बाजू बंद पंपाची होती. पेट्रोल मातीतून येत होतं.

जया ओंजळीत तोंड घालून रडली. या वेळी मी तिला रडू दिलं. बापावरचा संशय किती जड असतो ते मला तेव्हा कळलं.

अनंतराव मात्र हटवादी. "मग नत्थूनं पंपाच्या टाकीत काहीतरी केलं असेल. गॅरेज समोरच तर आहे."

"टाकीत काय करणार साहेब?" मार्तंडराव हळूच म्हणाले. "पंप बंद झाला तेव्हाच भैय्याजींनी टाकीत वाळू भरली. तसं लिहूनही दिलंय त्यांनी. वाळूतून पेट्रोल कसं येईल?"

३

भैय्याजी म्हणजे पंपाचे मालक. राहायला आमच्याच धरमपेठेत. पंपावर संध्याकाळी एक फेरी मारायची आणि बाकीचा कारभार माणसांवर सोडायचा, असे ते मालक होते. मी अनंतरावांना घेऊन गेले तेव्हा ते तक्तपोसावर लोडाला टेकून पंख्याखाली पडले होते. पोलिसाची टोपी दिसताच उठून बसले.

"टाकीत वाळू भरली, बाई. अगदी नियमाप्रमाणे."

"कुठली वाळू?"

"कन्हान नदीची. दुसरी कुठली?"

"टाकलीत कुठून? टाकीचं तोंड तर माझ्या पातेल्याएवढं असतं."

भैय्याजींनी बायकोकडे पाहिलं. त्या माउलीने तोंड फिरवलं.

"टाकीचं कुलूप उघडून दाखवा," मी म्हटलं.

"किल्ली हरवली. आणि बाई, हात जोडतो, प्लॉटचा सौदा ठरत आलाय. उकरून कशाला काढता?"

"एक माणूस जळून मेलाय आणि दुसरा फासावर जायला निघालाय. तुम्हाला सौद्याची पडली आहे?" माझा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला असणार. अनंतरावांनीही लाज काढली. भैय्याजी घामाने निथळले, आणि शेवटी सगळं ओकले.

वाळू भरलीच नव्हती. खर्च नको म्हणून नुसतंच लिहून दिलं होतं.

"पण रिकामी होती हो टाकी! तळाशी वीत-दीड वीत पेट्रोल राहिलं असेल, तेवढं तर राहतंच. उपसायचा पाइप तळापर्यंत पोचत नाही. पंपावरची माणसं काय करतात, वरून पाणी ओततात. पाणी खाली बसतं, पेट्रोल तरंगून वर येतं, मग काढून घ्यायचं. आम्ही पंप बंद करताना तेवढाही खटाटोप केला नाही. कुलूप लावलं आणि मोकळे झालो."

"म्हणजे तळाशी थोडं पेट्रोल आणि वर नुसती हवा?"

"आईशप्पथ!"

किल्ली कपाटातच सापडली. उन्हं उतरायच्या आत आम्ही पंपावर होतो. चार वर्षांचं कुलूप, गंजून घट्ट झालं असणार म्हणून अनंतरावांनी पाना मागवला होता. पण किल्ली घातल्याबरोबर ते खट्कन उघडलं. मी बोट फिरवून पाहिलं. कुलपात ताजं तेल होतं.

भैय्याजींनी टाकीत मोजायची काठी सोडली, आणि लगेच थांबले. काठी हातभर आत गेली नाही तोच ओली झाली होती. टाकी जवळजवळ भरलेली होती, आणि आत पेट्रोल नव्हतं. पाणी होतं.

४

"पावसाचं असेल," अनंतराव म्हणाले.

"कुलूपबंद झाकणातून? आणि पाऊस पडून किती महिने झाले?"

भैय्याजी गळ्याची शपथ घेत होते की त्यांनी एक लोटाही ओतला नाही. मार्तंडराव फाटकापाशी उभे राहून पाहत होते. समोर गॅरेजच्या बंद दारावर जया टेकली होती. त्या क्षणी मला सगळ्यांचाच संशय येत होता, अगदी भैय्याजींच्या बायकोचासुद्धा.

सकाळी टाकीच्या भोवती खणायचं ठरलं. मजूर बस्तीतलेच आले. प्रत्येकाच्या बिड्या आणि आगपेट्या मी आधी माझ्या पर्समध्ये जमा केल्या, तेव्हा ते आपसात हसले. हातभर खोल गेल्यावर कुणी हसलं नाही. काळी माती हिरवट-राखाडी झाली होती आणि वासाने डोळे चुरचुरत होते. टाकीचा वरचा खांदा उघडा पडला. तिथला पत्रा गंजून चाळणी झाला होता, नेमका विहिरीच्या बाजूला.

आता मला अर्धं कोडं सुटलं. टाकीचा तळ शाबूत होता, म्हणून तळातलं पेट्रोल चार वर्षं गुपचूप पडून राहिलं. कुणीतरी पाणी ओतलं. पेट्रोल तरंगत वर आलं, त्या भोकांपाशी पोचलं, आणि तोंडातून बाहेर येण्याऐवजी मातीत गेलं. मातीतून विहिरीत.

"नत्थूच," अनंतराव म्हणाले. "सार्वजनिक नळावरून पाणी आणून ओतलं. समोरच राहतो."

मी तडक भागीरथाला भेटायला गेले.

ती झोपडीच्या सावलीत बसली होती. मला पाहून उठली नाही. "तुमी नत्थूले सोडवाले आल्या, मले मालूम हाय. माह्या मानसाले कोन सोडवते? दोघं भाऊ-भाऊ करत एका ताटात जेवत होते. अन् त्यानंच घात केला."

"भागीरथाबाई, त्या सकाळी पेट्रोलचा वास नाही आला?"

"वास तं इथं सदाच राह्यते. गॅरेज हाय, जुना पंप हाय. नाक मरून गेलं आमचं."

"गाळ काढायचं आत्ताच काहून ठरलं?"

"मालकच म्हनाले. पानी पार खाली गेलं, असा मोका पुन्हा येत नाही, आताच गाळ काढून घे."

"कधी खाली गेलं पाणी? तार लावण्याआधी?"

तिने जरा आठवलं. "नाही. तवा तं चांगलं पुरुषभर होतं. आमचं भरनं बंद झालं, त्याच्यानंतर गेलं."

अख्खी बस्ती पाणी भरायची तेव्हा विहिरीत पाणी होतं. बस्तीचं भरणं बंद झाल्यावर ते तळाला गेलं. मग ते गेलं कुठे?

५

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून काचेच्या नळ्या आणल्या आणि मार्तंडरावांच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. अनंतराव, भैय्याजी, जया, भागीरथा. मार्तंडराव अर्थातच घरी होते. त्यांनी परत पन्हं विचारलं. मी परत नको म्हटलं.

पहिल्या नळीत नळाचं पाणी. दुसरीत विहिरीच्या तळातलं. तिसरीत टाकीच्या तळातलं. बूच लावलेली जड बाटली दोराने खाली सोडायची आणि तळाशी गेल्यावर बूच ओढायचं, म्हणजे वरचा तवंग आत येत नाही. तिन्हींत साबणाचं पाणी सारखंच टाकलं आणि खळखळून हलवलं.

नळाच्या पाण्याला फेस आला, नळी भरून. विहिरीच्या पाण्याला फेस नाही, नुसता पांढरा गाळ. टाकीच्या पाण्यालाही फेस नाही. तसाच पांढरा गाळ.

"विहिरीचं पाणी खारं आहे, भागीरथाबाईंना विचारा, त्यांचे कपडे कधी निघाले नसतील त्यात," मी म्हटलं. "नळाचं पाणी गोडं. टँकर आणला तरी नळाचंच पाणी आणणार. टाकीतलं पाणी या विहिरीचं आहे. आणि आसपास दुसरी विहीर नाही."

"नत्थूनं चोरून काढलं असेल," अनंतराव म्हणाले, पण आता त्यांचा आवाज बसला होता.

"काटेरी तारेतून? बादलीनं? अख्खी टाकी भरायला विहीर तळाला गेली, अनंतराव. ते काम मोटारीचं आहे. मोटार कुणाची? तार कुणी लावली, म्हणजे पाणी कुठे जातंय ते कुणी बघू नये? तळातलं पेट्रोल पाणी ओतून वर आणायचं, ही पंपावरच्या माणसाची युक्ती. नत्थू पंपावर एक दिवस राबला नाही. भैय्याजी संध्याकाळची फेरी मारणारे. त्यांना पेट्रोल हवं असतं तर चार वर्षांपूर्वीच काढलं असतं. मग पंपावर काम केलेला, विहीर असलेला, मोटार असलेला माणूस कोण?"

सगळे मार्तंडरावांकडे वळले.

"ताई, साबणाच्या फेसावरून माणसाला गुन्हेगार ठरवता?" ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"दुसरी किल्ली तुझ्याकडेच होती रे, मार्तंडा," भैय्याजी एकदम बोलले. "मी कधी परत मागितलीच नाही."

मार्तंडराव ओसरीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "गेल्या वर्षीपासून पेट्रोलची एवढी बोंब. लोक डबे घेऊन रांगेत उभे. आणि इथे जमिनीखाली नुसतं पडून आहे. म्हटलं, कुणाचं काय जातंय? मोटार लावली. टाकी भरली तरी वर पाणीच आलं. पेट्रोल एक बाटलीभरसुद्धा नाही. वाटलं, उडून गेलं असेल. ते विहिरीत उतरतंय हे मला ठाऊक असतं तर मी बळीरामला कंदील सोडू दिला असता का हो? माझ्या दारात?"

मला ते खरं वाटलं. आजही वाटतं.

भागीरथा तोवर खांबाला धरून उभी होती. ती पुढे आली.

"मालक, तुमी मोसंबी घेऊन आले होते दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी. माह्या मानसानं विचारलं, कसं झालं जी हे? तुमी म्हनाले, नत्थूचं काम असन. तवा तुम्हाले मालूम होतं?"

मार्तंडराव उठून आत जायला वळले.

"बोला नं. मोसंबी सोलून देल्ली तुमी त्याले आपल्या हातानं. तवा मालूम होतं काय?"

"हो," ते म्हणाले. "आग लागली त्याच संध्याकाळी कळलं."

भागीरथाने त्यांना शिवी दिली नाही, हात उचलला नाही. ती परत खांबापाशी गेली. हातातली नळी मी खाली ठेवून दिली. तो माणूस दोस्तावर संशय घेऊन मेला होता.

मातीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मला पुन्हा कुणी विचारायला नको. टाकी भैय्याजींच्या खर्चाने निघाली. नासलेली माती पार मुरमापर्यंत खणून दूरच्या पडीत रानात पातळ पसरली, आणि पेट्रोल उडून जावं म्हणून उन्हात वरखाली करत राहिलो. मार्तंडरावांच्या विहिरीवर पत्रा ठोकला. पावसाळे येऊन गेले तरी तिच्या पाण्याला वास होता, आणि बस्ती सार्वजनिक नळावरच रांग लावत राहिली. सौदा अर्थातच मोडला.

पण त्या दिवशी अनंतराव मार्तंडरावांना घेऊन निघाले तशी जया सायकलकडे धावली. भागीरथाने तिचा दंड धरला.

"थांब वं. मी येतो. माह्या तोंडानं त्याले आत टाकलं, माह्याच तोंडानं बाहेर काढन."

आम्ही तिघी ठाण्यात गेलो. भागीरथा टेबलासमोर ताठ उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, "साहेब, माही जबानी खोटी हाय. मले सांगितलं ते मी बोलली. नत्थूनं काही नाही केलं." एवढं बोलून ती थांबली नाही. तेच पुन्हा बोलली, मोठ्यानं, कोठडीपर्यंत ऐकू जाईल असं.

नत्थू बाहेर आला. दाढी वाढलेली, सदरा मळलेला. जयाच्या डोक्यावर त्याने हात ठेवला, पण बघत होता भागीरथाकडे. ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, आता हा रागीट माणूस हिला काहीतरी बोलणार. मी मध्ये पडायच्या तयारीत होते.

"वहिनी," तो म्हणाला, "बळीराम गेल्यावरचं पुण्यानुमोदन झालं काय?"

"नाही. व्हायचं हाय."

"मंग चाल घरी. मले लय कामं असन."